त्या चैत्रातलं पन्हं

ज्यांच्या घरात आत्ता कुणी विषमज्वरानं अंथरूण धरलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. औषधपाणी सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम, आणि आमच्या गौलीगुड्यात तसाही दर दुसऱ्या घरात एक वैद्य असतोच. मी फक्त माझं सांगते. सव्वा महिन्याच्या वर मी आजारी होते, त्यातले चार आठवडे सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात. आज वर्षानंतर माझे केस मानेपर्यंत आलेत. म्हणजे माणूस बरा होतो, हे आधीच सांगून टाकते. आजाऱ्याच्या माणसांचा जीव शेवट काय झाला यातच अडकलेला असतो, मला माहीत आहे.

थंडी

हनुमान जयंतीचा सुंठवडा कुटता कुटता मला थंडी वाजली. हैदराबादच्या उन्हाळ्यात थंडी वाजणारी त्या दिवशी मी एकटीच असेन. सासूबाई म्हणाल्या, "ऊन बाधलं. धन्या-जिऱ्याचं पाणी पी आणि पड जरा." मी पडले ती पडलेच. ताप रोज थोडा थोडा वर जायचा, सकाळी उतरल्यासारखा करायचा आणि संध्याकाळी कालच्यापेक्षा जास्त चढायचा. पाचव्या दिवशी आमचे हे आबिड्सवरून डॉक्टरांना टांग्यात घालून घेऊन आले. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि यांना बाजूला घेऊन म्हणाले, "टायफॉइड."

बाजूला घेऊन म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर. मला सगळं ऐकू आलं आणि मला चक्क हसू आलं. मी मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवते. 'पाणी उकळून, गाळून प्यावे' हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की खडू आपोआप चालतो. आमच्या घरात पिण्याचं पाणी मी स्वतः उकळायची. मग मला कसा होईल? परटाच्या घरी धोतरं मळकी, दुसरं काय! हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही. यांना काही सुचलं नाही की हे चष्मा पुसतात; तो त्यांनी इतका पुसला की डॉक्टर म्हणाले, "अहो, टांगा बोलवा."

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात जाणाऱ्यांना सांगते, पहिले दोन दिवस सगळ्यांत वाईट. मग सवय होते. पहाटे काचेची नळी तोंडात. मग स्पंजिंग. मग त्या नव्या कॅप्सुली, दिवसातून चार वेळा, इतक्या कडू की वेष्टणातूनसुद्धा कळावं. खायला बार्लीचं पाणी, तांदळाची पातळ गंजी, आणि फार लाड झाले तर मोसंबीचा रस. आतडी नाजूक झालेली असतात, घास पोटात गेला तर घात होतो, हे सिस्टर रोज बजावायची. आणि मी रोज डोळे मिटून थालीपीठ खायची. लोण्याचा गोळासुद्धा घालायची वर.

सासूबाई रोज अकरा वाजता यायच्या, पण वॉर्डात नाही. माझ्या खाटेजवळ एक खिडकी होती, तिच्याबाहेर उभ्या राहायच्या. त्यांचं सोवळं किती कडक ते सांगितलं तर आजच्या मुली विश्वास ठेवणार नाहीत. एकतीस वर्षांपूर्वी त्या विधवा झाल्या. तेव्हापासून लाल आलवण, केशवपन, एकभुक्त, आणि हातचं पाणी कुणाचं म्हणून घ्यायचं नाही. दवाखान्याच्या आवारात पाय ठेवल्याबद्दल त्यांना घरी जाऊन नेसत्या वस्त्रानिशी आंघोळ करावी लागे. तरी एक दिवस चुकल्या नाहीत. तांब्यातून भाताची पेज आणायच्या, खिडकीत ठेवायच्या, दोन पावलं मागं सरायच्या आणि म्हणायच्या, "गार करून पी."

हे संध्याकाळी ऑफिसातून यायचे. ते शिक्षण खात्यात तर्जुम्याच्या, म्हणजे भाषांतराच्या, टेबलावर. त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरून गेलं होतं, आणि ऑफिसात जुन्या फायलींचे तीन ढीग लावायचं काम चाललं होतं. एक ढीग इथला, एक म्हैसूरकडचा, एक मुंबईकडचा. "माणसांचेही ढीग लावायचेत अजून," ते म्हणायचे. आपण कुठल्या ढिगात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मरेठी बुखार

आता मला जरा मागं जाऊन चैत्रगौरीचं सांगायला हवं.

गौर बसते चैत्रातल्या तिजेला आणि उठते अक्षयतृतीयेला. या महिनाभरात प्रत्येक घरी एकेक दिवस हळदीकुंकू. आंब्याची डाळ, ओले हरभरे, आणि पन्हं. एरवी आम्ही पाच-सात ठिकाणी जातो, बाकीच्यांची समजूत घालतो. त्या वर्षी मात्र कुणी कुणाला नाही म्हटलं नाही. पुढच्या चैत्रात कोण औरंगाबादेला असेल, कोण मुंबईला, कोण इथं, काय सांगावं? वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या जावासुद्धा एकमेकींकडं गेल्या. गौलीगुडा, काचीगुडा, बरकतपुरा, जिथं जिथं मराठी दार तिथं तिथं आम्ही. मी स्वतः एकोणीस घरी गेले आणि एकोणीस पेले पन्हं प्याले. पन्ह्याला नाही म्हणायचं म्हणजे गौरीला नाही म्हणायचं.

मी भरती झाले तेव्हा वॉर्डात आमच्यातली एकच बाई होती. आठवड्यात सात झाल्या. सगळ्यांचा विषमज्वर, सगळ्यांच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या. झाडणारी आया म्हणायला लागली, "मरेठी बुखार आया." बाहेरही तेच नाव पडलं. आमच्या शेजारच्या तेलुगू घरात ताप नाही, समोरच्या मारवाड्याच्या घरात नाही, मशिदीमागच्या वस्तीत नाही. कुणी म्हणालं ज्वारीची भाकरी बाधली. कुणी म्हणालं, राज्य मोडतंय त्याचा धसका बसलाय लोकांना.

त्या सातजणींत आमच्याच गल्लीतली एक पोरगी होती, एकोणीस वर्षांची. पाचवा महिना होता तिला. चौथ्या दिवशी तिचं पोट पडलं. पडद्याआडून मला तिचा आवाज ऐकू आला, आणि नंतर आवाज येईना तेव्हा तर मी जास्त घाबरले. ती वाचली. पण मी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि विचारलं, "गरोदर बाईला हा ताप फार वाईट का हो?"

त्या तेलुगू होत्या, खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणाल्या, "बहुत बुरा. दो जान का सवाल रैता."

माझी धाकटी बहीण शांता बरकतपुऱ्यात दिलेली. तिला सातवा लागला होता. आणि तिच्या सासूबाईंचं हळदीकुंकू दरवर्षी सगळ्यांत शेवटी, अक्षयतृतीयेला असे.

अमीनाबी

माझ्या डाव्या हाताची खाट रिकामी झाली आणि तिच्यावर अमीनाबीला आणून टाकलं. अमीनाबी म्हणजे आमची चुडीवाली. चारमिनारकडून बांगड्यांची टोपली घेऊन यायची, चैत्रात तर रोजच. वॉर्डातली ती एकटीच मुसलमान.

दुसऱ्या दिवशी सासूबाई खिडकीशी आल्या आणि नेहमीचा विषय निघाला, हा ताप आला कुठून. त्या म्हणाल्या, "मला विचारशील तर त्या चुडीवालीनं आणला. दारोदार फिरायली, हात धरायली सगळ्यांचे. तिच्याच टोपलीतनं आला."

माझ्या शेजारचं पांघरूण हललं.

"मैं लाई?" अमीनाबी कण्हत उठून बसली. "सलाम बाई. मैं लाई क्या बुखार? तुम्हारेच घर में बैठ को पच्चीस औरतां के हाथ भरी. तुमीच पन्ना पिलाए. आठ-दस रोज नै हुए, मैं गिर गई. अब मैं बोलूं क्या, तुम दिए?"

सासूबाईंना तोंड लपवायला खिडकीबाहेर जागा नव्हती. त्या म्हणाल्या, "पेज गार करून पी," आणि निघून गेल्या.

मला हसू आलं, पण हसता हसता मी थांबले. पन्हं. आमच्याकडं अमीनाबीला पन्हं देतात ते ओसरीच्या कोनाड्यातल्या काचेच्या पेल्यात. तिचा पेला निराळा, ती पिणार, विसळणार, परत तिथंच पालथा घालणार. माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची रीत. पेला निराळा. पण पन्हं तेच.

"अमीनाबी, तुम्ही आणखी कुठं काय खाता?"

"किसी के घर का नै खाती मैं. रोटी घर से बांध को लाती. बस मरेठी घरां में पन्ना पीती. खट्टा-मिठ्ठा रैता, धूप में नक्को बोल्ने का जी नै होता."

मग मला आमच्या शेजारच्या आंडाळम्मा आठवल्या. त्या आमच्याकडं येऊन कुंकू लावून घेतात, ओटीत हरभरे घेतात, पण पाण्याचा थेंब घेत नाहीत. त्यांची मडी आमच्या सोवळ्यापेक्षा कडक. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही. पेला पुढं केला की "वद्दम्मा" म्हणजे नको गं, असं म्हणून हसतात. सासूबाईंना दरवर्षी राग येतो. आंडाळम्मा या घटकेला ठणठणीत होत्या.

रोगाला जात नसते असं मी वर्गात शिकवते. ते खरंच आहे. पण पंगत असते, हे पुस्तकात नव्हतं.

पन्ह्यात काय काय असतं? कैरी उकडलेली, गूळ, वेलची. कच्चं असतं ते फक्त पाणी. आणि गौरीचं पन्हं नळाच्या पाण्यात होत नाही. नळाला चामड्याचा वॉशर असतो म्हणून ते ओवळं. गौरीसाठी पाणी यायचं आमच्या घराजवळच्या मठातल्या विहिरीचं, सोवळ्यात शेंदलेलं. आमच्या घरी तेच, बाकीच्या एकोणीस घरीही तेच. मी घरात पिण्याचं पाणी उकळत होते आणि बाहेर एकोणीस पेले कच्चं पाणी पीत होते, कारण ते पवित्र होतं. सासूबाई तर रोज तेच प्यायच्या. पण त्यांना लहानपणी विषमज्वर होऊन गेलेला, तो पुन्हा सहसा होत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वातात बडबडतेय

डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्युनिसिपालटीला चिठ्ठी लिहिली. इन्स्पेक्टर आला. त्यानं नळ तपासले, गवळ्याचं दूध तपासलं. मठात गेला तर पुजाऱ्यानं त्याला विहिरीच्या कठड्यापाशी येऊ दिलं नाही. पट्टा चामड्याचा, पिशवी चामड्याची. "सण होऊ द्या, मग बघू," असं सांगून परत पाठवला.

अक्षयतृतीया चार दिवसांवर आली. शांताची चिठ्ठी आली. तिला वॉर्डात यायला बंदी होती, म्हणून यांच्या हाती तिनं पाठवली. 'अक्का, लवकर बरी हो. आमच्याकडं या वर्षी साठ बायका येणार. सासूबाईंनी मठातून पाच घागरी सांगितल्यात. मला असे आंबटाचे डोहाळे लागलेत की आधी मी पिणार, मग गौर.'

मी यांना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता बरकतपुऱ्याला जा आणि सांगा, ते पन्हं करू नका. केलं तर पाणी उकळा. नाहीच ऐकलं तर शांताला तरी पिऊ देऊ नका."

हे गेले, सांगून आले, आणि चष्मा पुसायला लागले. मला कळलं. शांताच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुसुमला तापात भ्रम झालाय बिचारीला. देवाच्या विहिरीला दोष देतेय. तुम्ही मनावर घेऊ नका."

टायफॉइडच्या रोग्यानं खरं बोलायचं म्हणजे कठीण. मी वातात बडबडतेय असं सगळ्यांनी धरलं. मला वाटतं यांनीही थोडं धरलं होतं. मी त्यांना अजून तसं चिडवते. त्या रात्री चिडण्याइतकी शक्ती नव्हती. मी उशी तोंडात धरून रडले.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी अमीनाबीला हे सगळं सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "मठ की बावडी? दिवाल के पिच्छे तो नवा पाखाना बना ना. संक्रांत के बाद. मुसाफिरां के वास्ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मैं उदर से जाती. झाडूवालों की गल्ली है. उनकी औरतां बी चूड्यां भरतीं."

खिडकी

अक्षयतृतीयेला अकरा वाजता सासूबाई आल्या. जंतू, पाण्याची तपासणी, डॉक्टरीणबाई, हे सगळं त्यांना आधी सांगून झालं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मठाचं पाणी म्हणजे गंगा. गंगेला जंतू होतात का?" म्हणून मी जंतूंचं नावच काढलं नाही.

"सासूबाई, मठाच्या विहिरीमागं काय आहे हो?"

"भिंत."

"आणि भिंतीमागं?"

"मला काय माहीत? तिकडनं कोण जातं?"

"मैं जाती," अमीनाबी म्हणाली. आणि काय आहे ते तिनं सांगितलं. कुठं बांधलाय, किती हातांवर, आणि खड्ड्याची ओल भिंतीला कुठंवर आली आहे.

सासूबाईंचा चेहरा उतरला. तीस वर्षं त्या त्या विहिरीवर जात होत्या, समोरून. मागची गल्ली त्यांच्या घरापासून शंभर पावलांवर होती आणि ती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी तांब्या खिडकीत ठेवला. 'गार करून पी' म्हणाल्या नाहीत. गेल्या.

मी घड्याळाकडं बघत पडून राहिले. बायका चार वाजता जमायच्या होत्या.

कोपरापर्यंत

पुढचं मी शांताकडून ऐकलं, आणि नंतर इतक्या जणींकडून ऐकलं की मीच तिथं होते असं वाटतं.

सासूबाई दवाखान्यातून तडक त्या गल्लीत शिरल्या. भर उन्हात, अनवाणी. तिथल्या बायका घाबरून दारातून आत पळाल्या, विटाळ झाला म्हणून आता ही म्हातारी ओरडणार. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी भिंत बघितली. ओल बघितली. मग त्या घरी गेल्या, आंघोळीला नाही, दाराला कुलूप लावायला. रस्त्यावर सायकल रिक्षा थांबवली आणि "बरकतपुरा, जल्दी" म्हणाल्या. रिक्षात कोण कोण बसून गेलं असेल या विचारानं ज्या कधी रिक्षात बसल्या नव्हत्या, त्या.

शांताकडं दिवाणखाना भरलेला. गौर सजलेली, अत्तर लावून झालेलं, मोठ्या पितळी पातेल्यातून पन्हं पेल्यात ओतायला नुकतीच सुरुवात झालेली. आणि दारात लाल आलवण. एकतीस वर्षांत सासूबाईंनी हळदीकुंकवाच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. स्वतःच्या घरातलं पन्हं त्या सोवळ्यात करायच्या आणि मागच्या खोलीत जाऊन बसायच्या.

शांताच्या सासूबाई गडबडीनं पुढं आल्या. "ताई, आज तुम्ही... इकडं?"

"पाणी मठातलंच ना?"

"हो तर! पाच घागरी, सोवळ्यातलं."

सासूबाई चालत पातेल्यापाशी गेल्या. बायकांनी आपोआप वाट दिली. आणि त्यांनी उजवा हात पन्ह्यात कोपरापर्यंत घातला.

"मी झाडूवाल्यांच्या गल्लीतून आलेय," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी दवाखान्यातून. आंघोळ केलेली नाही. रिक्षातून आलेय. आता कुणाला प्यायचं ते प्या."

कोण पिणार? जंतूंचं सांगत बसल्या असत्या तर साठातल्या पन्नासजणींनी मान हलवून पेला तोंडाला लावला असता. ही भाषा मात्र सगळ्यांना एका क्षणात कळली. एकजण "अगं बाई, अपशकुन!" म्हणून रडायला लागली. सासूबाईंचं लक्ष शांताकडं गेलं. तिच्या हातात भरलेला पेला होता, ओठांपर्यंत आलेला. निथळत्या हाताची चार बोटं सासूबाईंनी त्या पेल्यात बुडवली.

"हे पण ओवळं," त्या म्हणाल्या.

शांता सांगते, मग त्या तिथंच पातेल्याशेजारी खाली बसल्या. गुळाचं पाणी आलवणावर गळत होतं. "कुसुमला मीच पाजलं," त्या म्हणत होत्या. "माझ्या हातानं. सगळ्यांना मीच पाजलं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी खिडकीत कुणी नाही. मी मान वळवली तर सासूबाई वॉर्डाच्या दारातून आत येत होत्या. येऊन माझ्या खाटेवर बसल्या. खाटेवर! माझा हात हातात घेतला. त्यांचा हात इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं, लग्नाला सात वर्षं होऊन मी तो धरलाच नव्हता.

"आओ बाई," शेजारून अमीनाबी म्हणाली, "खिडकी आज उदास बैठी है."

"तू गप गं," सासूबाई म्हणाल्या, आणि पेजेचे त्यांनी दोन भाग केले.

उलटलेला ताप

सगळं छान झालं असं म्हणून इथं संपवता आलं असतं, पण ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना हे कळायला हवं. माझा ताप उतरून सहा दिवस झाले आणि उलटला. पहिल्यापेक्षा जास्त. हे होतं कधी कधी, घाबरू नका. मी मात्र भयंकर घाबरले. मरणाची भीती मला पहिल्या तापात वाटली नव्हती, दुसऱ्यात वाटली, कारण आता मला जगायची घाई होती. हे रोज रजा टाकून यायचे. एकदा आमचं जोरदार भांडण झालं, मुंबईचा ढीग की इथला यावरून, मला एकशे तीन ताप असताना. सिस्टरनं दोघांनाही रागावलं. पण मला त्या भांडणानं बरं वाटलं. मरणाऱ्या बायकोशी कुणी बदलीवरून भांडत नाही.

दरम्यान मठातली विहीर तपासली गेली, बंद झाली. पुजारीबुवांनी पट्ट्याचं नाव काढलं नाही. एक गोष्ट इन्स्पेक्टरनं यांना सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. झाडूवाल्यांच्या गल्लीत एकालाही ताप नव्हता. आमच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती ना. आम्ही त्यांना पाण्यापासून लांब ठेवलं आणि ती माणसं वाचली. याचं श्रेय घ्यायला मात्र आमच्यातलं कुणी पुढं आलं नाही.

घरी आल्यावर केस गेले. मुठी मुठींनी. शेवटी उरलेलेही काढून टाकले. आरशात बघितलं आणि मी ओक्साबोक्शी रडले. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, मागं बसल्या, माझ्या गुळगुळीत डोक्यावर बदामाचं तेल जिरवायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुझे येतील गं परत." 'तुझे' या शब्दावर त्यांचा हात जरासा थांबला. सव्विसाव्या वर्षी त्यांचे काढले होते. माझं तेव्हाचं वय तेच. मी मागं वळून त्यांच्या मांडीत डोकं घातलं, आणि त्यांनी मला उठ म्हटलं नाही.

यंदाचा चैत्र

राज्य मोडलं. अर्ध्या ओळखीच्या घरांना कुलपं लागली. आमचा ढीग इथलाच निघाला. यंदा मी फक्त सहा घरी हळदीकुंकवाला गेले. आमच्याकडं मात्र गर्दी झाली, सगळ्यांना माझे केस बघायचे होते. गजरा कुठं अडकवावा हा प्रश्नच होता, तो मी मनगटाला बांधला. शांता आली, कडेवर नऊ महिन्यांची पोर. पोरीला दोन दात आलेत आणि ती दिसेल त्याला चावते.

पन्हं सासूबाईंनीच केलं. नळाच्या पाण्याचं, उकळलेल्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "अग्नीला कसलं आलंय सोवळं-ओवळं? त्यातनं निघालं ते शुद्ध." वर्षभर विचार करून त्यांनी शास्त्रात वाट काढली होती. पन्हं करून त्या मागच्या खोलीकडं निघाल्या, तर शांताच्या सासूबाई आडव्या आल्या.

"ताई, आधी तुम्ही हात घाला. मगच आम्ही पिणार."

साऱ्याजणी हसल्या. सासूबाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले. हात नाही घातला, पळी घेतली. पातेल्याशी बसून चाळीसजणींना स्वतः पन्हं वाढलं.

अमीनाबी ओसरीवर टोपली घेऊन बसली होती. तिचेही केस माझ्याएवढेच आलेत, ओढणीखालून मला दाखवून झाले होते. सासूबाईंनी कोनाड्यातला पेला भरून तिच्यापुढं धरला.

"पानी उबाले क्या?" तिनं विचारलं.

"उकळलंय."

"पैले तुम पियो."

सासूबाईंनी पेला उंच धरला, मान मागं टाकली आणि ओठ न लावता वरून एक घोट घशात सोडला. मग पेला तिच्या हातात दिला. अमीनाबी हसत हसत प्याली आणि आणखी एक मागितला.

सगळ्या गेल्यावर मी भांडी घासायला बसले. काचेचा पेलाही घासला, आणि हातात धरून उभी राहिले.

"सासूबाई, हा कुठं ठेवू?"

"विचारतेस काय? घासलायस ना? ठेव की जागेवर."

जागा कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. मी तो आत नेला आणि मांडणीवर आमच्या पेल्यांच्या ओळीत ठेवला. सकाळी उठून आधी तिकडं बघितलं. सासूबाईंची आंघोळ होऊन, स्वयंपाकघर त्यांच्या हाताखालून जाऊन तास झाला होता. पेला तिथंच होता.